मूरवरची एक संध्याकाळ: पीक, डार्टमूर की नॉर्थ यॉर्क मूर्स?

दरवर्षी जुलै सरत आला की मला फोन यायला लागतात. ऑगस्टमध्ये एक शनिवार मोकळा आहे, त्या जांभळ्या माळाचे फोटो काढायचेत, संध्याकाळचे, कुठे जाऊ? विचारणारा कधी लंडनचा असतो, कधी लेस्टरचा. एकदा तर लेकीकडे तीन आठवड्यांसाठी आलेले चिंचवडचे एक काका होते, सोबत चाळीस वर्षं जुना ट्रायपॉड घेऊन. मी मिडलंड्समध्ये राहतो, म्हणजे इंग्लंडच्या पोटात. इथून वरही जाता येतं, खालीही. त्यामुळे तिन्ही मूर माझ्या पायाखालचे झालेत, आणि एका मूरवर मी रात्री वाटही चुकलोय. त्याबद्दल पुढे.

घाईत असाल तर उत्तर एवढंच. पहिल्यांदाच जाताय किंवा गाडी नाही: पीक डिस्ट्रिक्टमधलं हॅदरसेजच्या वरचं पठार. फुलांचा रंगच हवाय, बाकी काही नको: नॉर्थ यॉर्क मूर्स. ऑगस्ट हुकला, फुलं गेली, तरी जायचंच आहे: डार्टमूर. घाई नसेल तर पुढे वाचा, कारण या तिन्ही वाक्यांना एकेक 'पण' आहे.

आधी मूर म्हणजे काय ते. आपल्याकडे नेमका शब्द नाही. कोकणातला सडा सगळ्यात जवळचा: वर सपाट, झाडाचा पत्ता नाही, वारा भणाणतोय, आणि कडेला आलं की खाली एकदम हिरवं खोरं. फरक पायाखाली आहे. सड्याखाली जांभा कातळ, पाऊस थांबला की कोरडा ठणठणीत. मूरखाली पीट. म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजत पडलेलं शेवाळ, काळंभोर, स्पंजासारखं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बूट बाहेर काढताना 'पच्च' असा आवाज येतो. त्यावर हेदर वाढतं, गुडघ्याएवढं काटक झुडूप. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ते फुलतं, पाऊसपाण्याप्रमाणे थोडं मागेपुढे. कास पाहिलेल्यांना एक इशारा: कासला पावलागणिक रंग बदलतो, इथे एकच रंग क्षितिजापर्यंत. काहींना पंधरा मिनिटांत कंटाळा येतो. मला नऊ वर्षांत आला नाही.

तिन्हीकडे सारखी असलेली गोष्ट: लांबलेली संध्याकाळ

पुण्यात सूर्य टेकला की तुमच्याकडे वीस-बावीस मिनिटं असतात, मग अंधार. सूर्य तिथे जवळजवळ सरळ खाली बुडतो. इथे तो तिरका घसरतो. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये पुण्याच्या क्षितिजाशी त्याचा कोन सत्तर अंशांहून जास्त, शेफील्डजवळ जेमतेम सदतीस. त्यामुळे मावळतीच्या सोनेरी उन्हाला फोटोवाले जो गोल्डन अवर म्हणतात तो आपल्याकडे नावालाच 'अवर' असतो; इथे ऑगस्टमध्ये तो खरोखर तासाच्या जवळ जातो, आणि सूर्य गेल्यावरही अर्धा तास वाचता येईल एवढा उजेड असतो. पहिल्या वर्षी मी भारतातल्या सवयीने धावतपळत फोटो काढले आणि सूर्य टेकल्याबरोबर ट्रायपॉड गुंडाळला. गाडीपाशी पोचलो तेव्हा मागे आकाश पेटलं होतं. खरा रंग सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी येतो, ढग असतील तर.

ऑगस्टच्या शेवटी तिन्ही ठिकाणी सूर्यास्त आठच्या आसपास. जूनमध्ये साडेनऊच्या पुढे, म्हणजे मुलांना घेऊन जाणार असाल तर विसरा. डिसेंबरमध्ये चार वाजता खेळ खलास. ऑगस्टअखेर सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, थोडा वायव्येकडे झुकलेला असतो. ही बारीक गोष्ट लक्षात ठेवा. कुठल्या दगडापाशी उभं राहायचं हे त्यावर ठरतं.

पीक डिस्ट्रिक्ट: हॅदरसेजच्या वर

ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ चं. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे १९३२ चा एप्रिल. तेव्हा हे सगळे माळ जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होते. मँचेस्टर-शेफील्डकडचे शेकडो कामगार ठरवून किंडर स्काउटच्या पठारावर घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. आज आपण कॅमेरा घेऊन या माळावर कुठेही फिरू शकतो त्याचा कायदा २००० साली आला, पण त्याची सुरुवात त्या दुपारी झाली. लंडनचं महाराष्ट्र मंडळही १९३२ चंच. संबंध काही नाही, पण मला ते जुळवून सांगायला आवडतं.

माझी नेहमीची वाट सरप्राइज व्ह्यूच्या वाहनतळापासून. नाव उगाच नाही. शेफील्डकडून येताना रस्ता वळतो आणि अचानक सगळं होप खोरं समोर उघडतं. वाहनतळामागून पायवाट चढते: आउलर टॉर (टॉर म्हणजे माळावरचा उघडा खडक), मग मदर कॅप नावाचा एकुलता दगड, मग ओव्हर आउलर टॉर, आणि माळ ओलांडून हिगर टॉर. रमतगमत पाऊण-एक तास, फोटो काढत गेलात तर दोन. चढ असा काहीच नाही. सिंहगड चढणाऱ्याला हसू येईल.

दगड इथला ग्रिटस्टोन, म्हणजे साधारण बत्तीस कोटी वर्षांपूर्वी नदीमुखाशी साठलेली भरड वाळू. हाताला खसखशीत लागतो. सह्याद्रीचा काळा कातळ उजेड गिळून टाकतो, हा परतवतो. साडेसातच्या उन्हात त्याचा रंग आधी मधासारखा, मग भाजलेल्या पावाच्या पाठीसारखा होतो. त्याच्या फटीफटीतून हेदर. म्हणजे पुढे दगड, मध्ये जांभळा माळ, मागे विन हिलचं टोक आणि खोऱ्यातलं धुरकट निळं. फ्रेम आपोआप तीन थरांत बसते. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपी जागा मला माहीत नाही, आणि 'सोपी' हा शब्द मी कौतुकाने वापरतोय.

इथली गंमत जमिनीवर पडलेली आहे. ओव्हर आउलर टॉरच्या खाली, आणि पलीकडे स्टॅनेजच्या कड्याखाली, गवतात मोठमोठी दगडी चाकं आहेत. कमरेएवढी. काही उभी टेकून ठेवलेली, काही आडवी, शेवाळलेली, एखाद्यावर टाकीचे घाव अजून स्पष्ट. बाबा साताऱ्याहून आले होते तेव्हा मी त्यांना इथे आणलं. सूर्यास्ताकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते एका चाकाच्या मधल्या भोकात हात घालून उभे होते. "अरे, हे तर जातं!"

जातंच. हा दगड पिठाच्या गिरण्यांसाठी इथेच घडवून खाली नेत. मग पांढऱ्या पिठाची चटक लागली, या दगडातून निघणारं करडं पीठ कुणाला नको झालं, बाहेरचे दगड येऊ लागले, आणि घडवलेली जाती आहेत तिथेच राहिली. आज हेच चाक या राष्ट्रीय उद्यानाचं बोधचिन्ह आहे. बाबा बराच वेळ त्याच्याशेजारी बसून राहिले. आजीच्या जात्याचा खुंटा कुणी नेला यावर त्यांचं आणि आत्याचं अजून एकमत नाही. मी त्यांचा एक फोटो काढला: हात दगडावर, तोंड मावळतीकडे, पुढे हेदर. त्या दिवशीच्या दोनशे फोटोंतला तोच ठेवला.

आता 'पण'. गर्दी. ऑगस्टमधल्या शनिवारी मदर कॅपपाशी ट्रायपॉड लावायला रांग नसते, पण फ्रेममध्ये कुणी ना कुणी येतंच. खोऱ्यात सिमेंट कारखान्याची उंच चिमणी आहे. मी तिला दगडाआड लपवतो, काही जण मुद्दाम फ्रेममध्ये घेतात. पूर्वेला शेफील्डचा उजेड आकाशाच्या कडेला पिवळट चढतो, म्हणजे अंधार पडल्यावर तारे काढायचे असतील तर इथे येऊ नका.

या सगळ्यावर मात करणारी गोष्ट म्हणजे रेल्वे. शेफील्ड-मँचेस्टर मार्गावर हॅदरसेज आणि ग्रिंडलफर्ड अशी दोन्ही स्टेशनं आहेत. ग्रिंडलफर्डला उतरून पॅडली गॉर्जच्या ओढ्याकाठून, शेवाळलेल्या ओकच्या झाडीतून चढून वर यायचं. गाडी नसलेल्याला मूरवरची संध्याकाळ मिळेल असं या तिघांपैकी हेच एक ठिकाण. मात्र परतीची शेवटची गाडी किती वाजता हे निघण्याआधी बघा, आणि झाडीतून अंधारात उतरण्यापेक्षा डांबरी रस्त्याकडेने हॅदरसेजला उतरा.

एक युक्ती सांगून पुढे जातो. हिगर टॉरवर सगळे मावळतीकडे तोंड करून उभे असतात. तुम्ही पाठ फिरवा. खाली आग्नेयेला कार्ल वार्क दिसेल, प्राचीन तटबंदी असलेलं सपाट टेकाड. शेवटचं ऊन बरोबर त्याच्यावर पडतं आणि भोवतीचा माळ गडद झालेला असतो. आपल्या एखाद्या विसरलेल्या भुईकोटासारखं.

डार्टमूर: जिथे मी चुकलो

डार्टमूर खाली, डेव्हनमध्ये. लंडनहून एक्सेटरपर्यंत रेल्वेने दोन-सव्वादोन तास, पण संध्याकाळी मूरवर राहायचं तर गाडी हवीच. इथला दगड ग्रॅनाइट. अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला, वरचं सगळं झिजून गेल्यावर उघडा पडलेला, आणि भेगांभेगांतून फुटून एकावर एक रचल्यासारखा उभा. त्याला टॉर म्हणतात. दीडशेहून जास्त आहेत. जवळ गेलात तर दगडात नखाएवढे पांढरे स्फटिक दिसतात. तिरप्या उन्हात ते चमकतात आणि करडा दगड किंचित गुलाबी होतो.

पीकमध्ये फुलं फोटो करून देतात, डार्टमूरला आकार करून देतो. म्हणून हे बारमाही ठिकाण. मेमध्ये एम्सवर्दीच्या लाल पत्र्याच्या पडक्या गोठ्याभोवती निळ्या ब्लूबेल्स असतात. ऑक्टोबरमध्ये नेचे तांबूस होतात आणि सगळा उतार गंजल्यासारखा दिसतो. मला विचाराल तर हा रंग हेदरपेक्षा सरस. जानेवारीत फक्त दगड आणि ढग, तेवढ्यावरही संध्याकाळ निघते. ऑगस्टमध्ये हेदर इथेही असतं, त्यात गॉर्स नावाचं पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप मिसळलेलं. जांभळ्यात पिवळा ही जोडी फोटोत सुरेख दिसते, पण यॉर्कशरसारखा, म्हणजे नॉर्थ यॉर्क मूर्ससारखा, अखंड गालिचा इथे शोधू नका.

आणि तट्टं. अर्धवट रानटी दिसतात, पण प्रत्येकाला मालक आहे. त्यांना खायला घालायचं नाही, तसा नियमच आहे, कारण मग ती रस्त्यावर येऊन उभी राहतात आणि रात्री गाडीखाली येतात. एकदा हेटॉरपाशी भुरभुर थांबल्यावर एक तट्टू माझ्यापासून दहा हातांवर आलं. पापण्यांच्या केसाकेसावर थेंब, मागून ऊन, आणि श्वासाची वाफ. लेन्स बदलायला वाकलो तेवढ्यात ते वळलं. फोटो नाही. हे लिहायचं कारण एवढंच, की डार्टमूरला जाताना लांब पल्ल्याची लेन्स आधीच लावून ठेवा.

नेहमीची वाट हेटॉर ते हाउंड टॉर. हेटॉर ४५७ मीटर, वाहनतळापासून पंधरा मिनिटांत माथ्यावर. मग मागच्या उतारावरून खाली ओढा, बेका ब्रुक, तो ओलांडून पलीकडे हाउंड टॉर, आणि त्याच्या पायथ्याशी मध्ययुगात ओस पडलेल्या वस्तीची जोती. अंतर फार नाही, पण मध्ये उतरून चढायचं आहे, आणि परतीलाही तेच.

तिथेच मी चुकलो. सप्टेंबर होता, सूर्यास्त सुरेख मिळाला, हाउंड टॉरच्या सुळक्यांमधून लाल गोळा, सगळं मनासारखं. परत फिरलो, ओढा ओलांडला, चढलो, आणि वर येईपर्यंत धुकं. पश्चिमेकडून समुद्राची ओल थेट येते. मूरच्या मध्यावरच्या प्रिन्सटाउनला वर्षाला सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, शेफील्डच्या दुपटीहून जास्त. महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण महाबळेश्वरचं धुकं झाडांत अडकतं, रस्ता सापडतो. इथे टॉर्च लावला की समोर पांढरी भिंत, विझवला की काळी. फोनमध्ये नकाशा होता, तो उतरवून घेतलेला नव्हता, आणि रेंज शून्य. चूक सर्वस्वी माझी.

अर्धा तास गोल फिरल्यावर बुटाखाली काहीतरी सरळ लागलं. दगडात कोरलेली खाच. हेटॉरच्या खाणीतून ग्रॅनाइट खाली न्यायला १८२० मध्ये इथे रूळ टाकले होते, आणि लोखंड महाग म्हणून रूळही ग्रॅनाइटचेच. याच खाणींतला दगड १८३१ च्या लंडन ब्रिजला गेला, जो पुढे अमेरिकेला विकला आणि आता अॅरिझोनात उभा आहे. हे सगळं मला पाठ होतं, पण त्या रात्री त्याचा उपयोग एकच: रूळ कुठेतरी जातात. उतारावरून उलटं न फिरता पावलाने खाच चाचपत चालत राहिलो. कितीतरी वेळाने डांबर लागलं. तिथून वाहनतळ शोधणं सोपं होतं.

म्हणून डार्टमूरचा 'पण' मोठा आहे. दिवसा एकदा ती वाट चालून पाहिली असेल तरच संध्याकाळी जा, नाहीतर हेटॉरच्या माथ्यावरच थांबा; तिथूनही मावळत छान दिसते आणि गाडी नजरेच्या टप्प्यात राहते. उत्तरेकडच्या उंच भागात जाणार असाल तर तिथे लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो. दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे. ते दिसले की आत जायचं नाही. वेळापत्रक आधी जाहीर होतं.

डार्टमूरची एक बाजू मात्र दोघांकडेही नाही. पाठीवर तंबू घेऊन रात्री मूरवर राहण्याचा हक्क इंग्लंडमध्ये फक्त इथेच आहे. तो न्यायालयात गेला, २०२३ च्या सुरुवातीला हातचा गेलाच असं वाटलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला. सगळ्या मूरवर नव्हे. कुठे चालतं त्याचा नकाशा उद्यानाकडे मिळतो. संध्याकाळ आणि पहाट दोन्ही हवी असेल, रात्री दोन-तीन तास गाडी चालवायची नसेल, तर निवड इथेच संपते.

नॉर्थ यॉर्क मूर्स: फक्त रंग

इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्यात विस्तीर्ण हेदर-माळांपैकी हा एक. माझी जागा ब्लेकी रिज. हटन-ल-होल गावापासून उत्तरेला कॅसलटनकडे जाणारा रस्ता एका लांबलचक धारेवरून जातो. डावीकडे फार्नडेलचं खोरं, उजवीकडे रोझडेलचं, आणि दोन्ही बाजूंना ऑगस्टमध्ये जांभळं, जांभळं, जांभळं. खिडकी उघडली की वास येतो, मधाचा, जरा तुरट. रस्त्याकडेला मधपेट्या मांडलेल्या दिसतात. मधपाळ या तीन-चार आठवड्यांपुरत्या त्या वर आणतात. हा मध खळासारखा घट्ट असतो, बरणी उलटी केली तरी हलत नाही, ढवळला की सैल होतो आणि ठेवला की पुन्हा थिजतो. एक बरणी घ्याच.

वरून पाहिलं तर माळ गोधडीसारखा दिसतो, तुकड्या-तुकड्यांचा. कुठे गर्द फुललेला, कुठे बुटका, कुठे काळा. ग्राउस नावाच्या पक्ष्यासाठी हिवाळ्यात आळीपाळीने पट्टे जाळतात, कोवळे कोंब त्यांना खायला आणि जुनं झुडूप लपायला. १२ ऑगस्टला त्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो, नेमका फुलांच्या तोंडावर. संध्याकाळपर्यंत बंदुका थंडावलेल्या असतात आणि रविवारी सहसा शिकार नसते. या जाळण्यावरून इथे मोठा वाद आहे. माझं मत पीटच्या बाजूने, म्हणजे जाळण्याच्या विरोधात, पण फोटोत ते पट्टे उपयोगी पडतात हेही खरं.

ग्राउसचा आवाज तेवढा ऐकून जा. हेदरमधून फर्रकन उडतो आणि ओरडतो, "गो-बॅक, गो-बॅक, गो-बॅक!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. शेजारी मित्र होता, नागपूरचा. तो शांतपणे म्हणाला, "सायमनला शोधत असेल रे."

फोटोच्या दृष्टीने इथली अडचण हीच की पकडायला काही नाही. दगड थोडे, झाडं नाहीत. नजर सरकत जाते. मोबाईलवर तर हमखास निम्मं आकाश, निम्मं जांभळं असा झेंडा येतो. उपाय दोन. एक, रुंद लेन्स पिशवीत ठेवून ७०-२०० ची लांब पल्ल्याची लेन्स लावा, म्हणजे दूरच्या टेकड्या एकमेकींवर येतात आणि रंगाचे थर होतात. दोन, सूर्याकडे तोंड करा. पाठीमागून ऊन आलं की हेदरची एकेक टिकली आतून पेटल्यासारखी होते. उन्हाकडे पाठ केली तर तोच माळ सपाट तपकिरी दिसतो. सावलीत हेदर निळसर येतं, विशेषतः फोनमध्ये. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगछटेची सेटिंग, जरा उबदार ठेवा. वारा असतोच, फुलं हलतात, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवायला लाजू नका. दाणे दिसले तर चालतात, हललेलं हेदर नासलेल्या दुधासारखं दिसतं.

चालायला इथे जुना रेल्वेमार्ग आहे. रोझडेलमध्ये लोखंडाच्या खाणी होत्या. १८६१ ते १९२९ त्यांची रेल्वे चालली. रूळ केव्हाच गेले, सपाट पट्टी राहिली, खोऱ्याच्या माथ्याला वळसा घालून जाते. ब्लेकीपासून हव्या तेवढ्या अंतरावर जा आणि त्याच पट्टीने परत या. चुकणं अवघड. अंधारात चालायला तिघांत सगळ्यात निर्धोक वाट हीच, आणि माझ्या मते हेच तिचं सगळ्यात मोठं भांडवल, रंगापेक्षाही. टोकाला लायन इन नावाची जुनी खानावळ आहे, तिच्या खिडक्यांतला उजेड दुरून दिसतो.

अंधार पडल्यावर थांबा. २०२० पासून हा डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीच्या अंधाऱ्या आकाशासाठी राखलेला प्रदेश. ऑगस्टअखेर चंद्र नसेल तर आकाशगंगा डोळ्यांनी दिसते, दक्षिणेकडे उभी.

'पण': गाडीशिवाय संध्याकाळी जवळजवळ अशक्य. लंडनहून एका दिवसात करू नका. पूर्वेकडून उत्तर समुद्राचं धुकं कधीकधी आत सरकतं आणि सगळं गिळतं. आणि हंगाम संपला की संपला. ऑक्टोबरमध्ये हाच माळ चहाच्या चोथ्याच्या रंगाचा होतो. तेव्हा इथवर यायला मी कुणालाही सांगणार नाही.

एकट्याने की गटासोबत

तिन्हीकडे छायाचित्रकारांसोबत पैसे देऊन जाता येतं. मी दोनदा गेलोय, एकदा छान, एकदा आठ ट्रायपॉड एकाच दगडाभोवती. डार्टमूरला पहिल्यांदा जात असाल तर पैसे खर्च करा. कॅमेरा शिकायला नव्हे, परत यायला. पीकमध्ये गरज नाही. यॉर्कशरमध्ये तारे शिकायचे असतील तर. पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: सूर्यास्तानंतर किती वेळ थांबणार? 'सूर्यास्तापर्यंत' असं उत्तर आलं तर दुसरा गट शोधा.

सामान तिन्हीकडे सारखंच, लांबड लावत नाही. डोक्याला लावायचा टॉर्च आणि त्याचे जादा सेल. नकाशा फोनमध्ये उतरवलेला, शिवाय कागदावर. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा-संस्थेचे: डार्टमूरला ओएल २८, यॉर्कशरच्या पश्चिम भागाला ओएल २६. ऑगस्टमध्येही स्वेटर. लांब विजार आणि मोजे वर ओढलेले, कारण नेच्यांत गोचिडी असतात आणि त्यांच्यातून लाइम रोग होतो; घरी येऊन अंग तपासा. अडकलात तर ९९९ हा आपत्कालीन क्रमांक, आधी पोलीस मागा, मग माउंटन रेस्क्यू. रेंज नसेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा टॉर्चचे सहा झोत. आणि चहासाठीही स्टोव्ह पेटवू नका, थर्मास न्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये यॉर्कशरच्या लँगडेल मूरवर लागलेली आग आठवड्यांनी मोजावी इतकी चालली. वाळलेलं पीट जमिनीखालून जळत राहतं, वरून पाणी मारून विझत नाही.

सोबत आईवडील असतील तर हेटॉरचा माथा किंवा ब्लेकीचा रेल्वेमार्ग. लहान मुलं असतील तर पीक, दगडांवर चढण्यात ती रमतात आणि तुम्हाला काम करू देतात. लग्नाआधीचे फोटो काढायचे असतील तर, हाही प्रश्न येतो, पीकमध्ये रविवार टाळून जा. पांढरी साडी पीटवरून नेऊ नका एवढंच सांगतो.

यंदा मी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात ब्लेकीला दोन रात्री धरल्या आहेत. बाबा पुन्हा येतायत. त्यांना फोनवर सगळं सांगितलं, आकाशगंगा, मध, सपाट वाट, गुडघ्यांना त्रास नाही. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ते सगळं बघू रे. पण जाताना वाटेत ती जाती लागतात का?"

वाटेत नाहीत. पण शेफील्डला वळलं तर तासाभराचाच फेर पडतो.